सुदर्शनचा होकार

बिलोली, ११ ऑगस्ट २०२४

भागवत,

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, पण पोस्टमन काही बंद करता येत नाही. तेव्हा हे पत्र येणार. फाडलंस तर दुसरं येईल. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांच्या मागं लागून पाढे पाठ करून घेतले आहेत, तुझी अक्का चिकाटीला कमी नाही.

एक तारखेला सुदर्शनला, आपल्या बाळूला, लातूरला 'ओसरी'त ठेवून आले. तुला कळल्यावर तू म्हणालास, "आईनं जीव सोडताना माझ्याकडून वचन घेतलं, बाळूला दाराबाहेर काढायचं नाही. आजपासून तू मला मेलीस." ठीक आहे. मेलेल्या माणसाचं पत्र आलंय असं समजून वाच.

वचन दिलंस तू, आणि निभवायचं आलं माझ्या गळ्यात. तू नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात. दसऱ्याला आणि संक्रांतीला पेढे घेऊन यायचास, दोन तास बसायचास, बाळूच्या डोक्यावरून हात फिरवून पाच वाजताची गाडी पकडायचास. मी दोष देत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, देते आहे.

जूनमध्ये तो न्हाणीत पडला, हे तुला सांगितलं नव्हतं. सेहेचाळीस वर्षांचा पुरुष, वजन पंच्याऐंशी किलो. माझं वय छप्पन आणि गुडघे सत्तरीचे. शेजारचा नरसिंग शेतात गेला होता. तो येईपर्यंत दीड तास आम्ही दोघं ओल्या फरशीवर बसून होतो. मी त्याची पाठ थोपटत होते आणि तो नेहमीसारखा हूं हूं करत होता. मला काही झालं तर हा असाच बसून राहील, दार कोण उघडणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. त्या दिवशी मी ठरवलं.

ओसरी औसा रोडला आहे. चौदा माणसं राहतात. कुणाला बोलता येत नाही, कुणाला चालता येत नाही, सगळी मोठी माणसं. प्रमुख आहेत आनंदराज सर, हिमायतनगरकडचे. शांत माणूस, पण नियमाला पक्का. त्यांनी चार महिने मुदत दिली आहे. तीस नोव्हेंबरला अर्जावर आपल्या दोघांच्या सह्या लागतील. एका भावंडानं ठेवायचं आणि दुसऱ्यानं भांडून न्यायचं, यात राहणाऱ्याचे हाल होतात म्हणे. सही नसेल तर एक डिसेंबरला सुदर्शन परत बिलोलीला. त्याच अर्जावर आणखी एक रकाना आहे, 'राहणाऱ्याचा होकार'. मी सरांना म्हटलं, जो जन्मात एक शब्द बोलला नाही तो होकार कसा देणार? ते म्हणाले, "तो देतोच बाई. आपल्याला दिसायला वेळ लागतो." मी मनात म्हटलं, बोलायला काय जातं.

तपासताना त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी उजव्या पायाच्या घोट्यावरच्या वणाचं विचारलं. मी सांगितलं, चप्पल घासली असेल. तुझ्या कानावर यावं म्हणून लिहिलं, विशेष काही नाही.

पहिली रात्र मी तिथंच राहिले. सकाळी शिवकांता म्हणून एक बाई आली, निलंग्याकडची, माझ्याच वयाची. तिनं दारावर टकटक केलं. आत कोण, तर आपला सुदर्शन, तरी टकटक. मग दोन शर्ट त्याच्यापुढं धरले, एक निळा, एक चौकड्याचा, आणि विचारलं, "सुदर्शनराव, कोणता घालायचा?" आणि उभी राहिली. उभीच राहिली. माझा चहा निवला. आपल्या घरी हाताला लागेल तो शर्ट त्याच्या डोक्यातून घातला की झालं. मी घाईनं हात पुढं केला, तर ती म्हणाली, "बाई, आमी पुसल्याबिगर हात लावत न्हाई. त्यांचं बघून होऊ द्या." तो कुठंच बघेना. शेवटी तिनं त्याला सांगून निळा घातला, आणि म्हणाली, उद्या परत पुसू.

सुदर्शनराव. आजपर्यंत त्याला राव म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं.

तुझी अक्का

बिलोली, १ सप्टेंबर २०२४

भागवत,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. सहीचं काय ते तू कळवलं नाहीस. असो. मी दर पंधरा दिवसांनी लातूरला जाते. नांदेडला गाडी बदलावी लागते. तुझं घर स्टँडपासून रिक्षानं दहा मिनिटांवर. काल मी एका रिक्षावाल्याला तुझ्या गल्लीचं भाडंसुद्धा विचारलं आणि मग लातूरच्या गाडीत जाऊन बसले. तूही हट्टी, मीही हट्टी, दगडोबा पाटलांची लेकरं आपण, दुसरं काय होणार.

आता ऐक. अकराव्या दिवशी त्यानं चौकड्याच्या शर्टाकडं बघितलं. शिवकांतानं मला फोन करून सांगितलं, जशी काही पोराला नोकरी लागली. मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगीच रडले.

दुसरी गोष्ट वाचून तुला हसू येईल, किंवा राग येईल. सुदर्शनला दूध-भाकरी आवडत नाही.

होय. आईनं चाळीस वर्षं भाकरी चुरून, दूध ओतून, वर साखर भुरभुरून त्याला भरवली. माझं बाळ दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही, असं ती शेजारणींना सांगायची. मीही ओसरीत लिहून दिलं होतं, आवडता पदार्थ दूध-भाकरी. तिथं स्वयंपाकाला लक्ष्मम्मा आहे, देगलूरपलीकडची, अर्धं तेलुगू बोलते. तिनं आठवडाभर बघितलं. तो वाटी बघितली की मान फिरवतो, मग पर्याय नाही म्हणून गिळतो. एक दिवस शेजारच्या ताटातली शेंगदाण्याची चटणी त्यानं मूठभर उचलून तोंडात कोंबली. लक्ष्मम्मा मला म्हणाली, "बाई, हे कारम खाणारं माणूस हाय. तुमी त्याला लेकरासारकं दूध पाजून राहिले."

मी म्हटलं, तिखट बाधेल. सर म्हणाले, डॉक्टरांना विचारलंय, थोडी द्यायला हरकत नाही. काल मी स्वतः बघितलं. ज्वारीची भाकरी, वरण, वांग्याची भाजी आणि ताटाच्या कडेला लाल चटणी. आपल्या हातानं जेवतो, भागवत. अर्धं अंगावर सांडतं, जेवायला पाऊण तास लागतो, कुणी हाकलत नाही. घाम पुसत पुसत चटणी खातो. आई बघत असती तर रुसून आठ दिवस बोलली नसती, आणि नवव्या दिवशी खलबत्ता घेऊन लातूरला निघाली असती.

तिची चूक होती असं मी म्हणत नाही. तिनं जीव लावला. फक्त विचारायचं राहून गेलं, आणि ते तुझ्या-माझ्याकडूनही राहिलं.

अक्का

बिलोली, ६ ऑक्टोबर २०२४

भागवत,

आज तक्रार. सुदर्शन पडला. ओसरीच्या मागं लिंबाचं झाड आहे, तिथं पारावर चढताना घसरला, गुडघा खरचटला. सरांनी तासाभरात फोन केला. कुठं पडला, कसा पडला, तेव्हा कोण कुठं होतं, सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. मी चिडून म्हटलं, मग त्याला त्या पाराकडं सोडताच कशाला? ते म्हणाले, "बाई, त्याला तिथं बसायला आवडतं. आम्ही पायरी बांधून घेतो. त्याला पाराकडं जाऊ द्यायचं नाही, हे सगळ्यात सोपं आहे, म्हणूनच आम्ही ते करत नाही."

मी फोन आपटला. मग दोन दिवस त्या वाक्याशी भांडत बसले. तिसऱ्या दिवशी गेले तर गवंडी पायरी बांधत होता आणि सुदर्शन शेजारी बसून सिमेंटच्या घमेल्याकडं एकटक बघत होता. अंगावर चौकड्याचा शर्ट. गुडघ्याला पट्टी. मी हाक मारली, "बाळू." त्यानं बघितलं. शिवकांता म्हणाली, "सुदर्शनराव, अक्का आल्या." त्यानं परत बघितलं. आता त्याला दोन नावं आहेत. घरचं एक, माणसातलं एक.

शर्टाचं नवीन कळलं का? आता सकाळी तो स्वतःच कपाट उघडतो, दोन शर्ट काढून शिवकांताच्या हातात देतो आणि मग समोर उभा राहतो, विचार म्हणून. म्हणजे विचारणं हेच त्याला शर्टापेक्षा आवडायला लागलंय. मी पोट धरून हसले. शिवकांता म्हणते, "लई नखरे करून राहिलेत राव आता."

दिवाळीला आठवडाभर त्याला घरी आणणार आहे. तुझी वाट बघू असं लिहीत नाही, कारण तू येणार नाहीस. पण चिवडा जास्तच करीन.

तीस नोव्हेंबर विसरू नकोस.

अक्का

बिलोली, ६ नोव्हेंबर २०२४

भागवत,

हे पत्र मी तीनदा फाडलं. हे चौथं आहे आणि हे टाकणार आहे.

पहिल्या पत्रात मी चपलेचं खोटं लिहिलं. सुदर्शन चप्पल घालतच नाही, तुला ठाऊक आहे. तो वण गाठीचा आहे.

आपण लहान असताना तो विहिरीच्या काठापर्यंत गेला होता, तेव्हापासून आई शेतात जाताना जुन्या लुगड्याच्या काठानं त्याचा पाय खाटेला बांधायची. काच पडू नये म्हणून आधी फडकं गुंडाळायची, हाताशी पाणी ठेवायची, गालावरून हात फिरवायची आणि जायची. तू शाळेत असायचास, म्हणून तुला कळलं नसेल असं मी धरून चालले. ती अंथरुणाला खिळली तेव्हा तेच मी करू लागले. सकाळी दहाला बांधायची, शाळेतून पाचला येऊन सोडायची. मधल्या सुट्टीत पळत येऊन त्याचं आवरून जायची. पाच वर्षं. तू सणाला यायचास तेव्हा आम्ही सगळे घरीच असायचो, म्हणून तुला दिसलं नाही. मी पाचवीच्या वर्गाला माणसाचे हक्क शिकवून घरी यायचे आणि गाठ सोडायचे. माझी मलाच लाज वाटते, तुझी वाटते त्याहून जास्त.

आता दिवाळीचं सांगते. तीस तारखेला त्याला आणलं. पहिले तीन दिवस छान गेले. चकली खाल्ली, अंगणात बसला, फटाके वाजले की कान झाकून माझ्या पदरात शिरला. पाडव्याच्या सकाळी दही आणायला म्हणून मी पिशवी घेतली आणि खुंटीवरच्या किल्ल्या काढल्या. किल्ल्यांचा आवाज झाला. तो अंगणातून उठून आत आला. खाटेजवळ खाली बसला. आणि त्यानं आपणहून उजवा पाय माझ्यापुढं केला.

तीन महिने त्याला कुणी बांधलं नव्हतं. तरी त्याला वाटलं, या घरात किल्ल्या वाजल्या की हेच करायचं असतं. रडला नाही, हूं हूं केलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. नुसता पाय धरून बसला, मला वाकायचा त्रास नको म्हणून थोडा वर.

मी तिथंच बसले. मग शिवकांतासारखं केलं. त्याच्यासमोर पिशवी धरली आणि विचारलं, "सुदर्शन, दुकानात येतोस का?" आणि थांबले. भागवत, थांबणं किती कठीण असतं ते त्या दिवशी कळलं. बऱ्याच वेळानं त्यानं पाय मागं घेतला. मग पिशवीचा एक बंद धरला आणि उठला.

बिलोलीच्या बाजारातून मी त्याला हाताला धरून नेलं. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. लोक बघत होते, बघू दे. वीरण्णा दुकानदारानं विचारलं, "पाव्हणं कोण बाई?" तीस वर्षं मी त्याच्याकडून किराणा नेते आणि माझ्या घरात आणखी एक भाऊ आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, माझे धाकटे बंधू, सुदर्शनराव, लातूरला असतात. त्यानं फुटाणे दिले.

तो लुगड्याचा काठ मी संध्याकाळी चुलीत घातला. आईचं होतं म्हणून हात अडखळला, पण घातला.

काल त्याला ओसरीत सोडायला गेले तेव्हा आनंदराज सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "पहिल्या दिवशीच कळलं होतं बाई. चपलेचा वण घोट्याभोवती गोल नसतो. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो." म्हणजे त्यांच्याकडचं ते थांबणं माझ्यासाठीही होतं.

आईनं तुझ्याकडून वचन घेतलं ते दाराचं. दाराच्या आत काय होतं ते तिनं तुला सांगितलं नाही आणि मी लपवलं. आता सही कर अगर नको करू. पण त्याला परत आणायचं असेल तर त्या खाटेजवळ एके सकाळी ये आणि तुझ्या गाडीच्या किल्ल्या वाजवून बघ.

अक्का

बिलोली, ८ डिसेंबर २०२४

भागवत,

तू आलास. तीस तारखेला साडेअकरा वाजता ओसरीच्या फाटकाशी तुझी पांढरी गाडी बघितली तेव्हा मी शिवकांताचा दंड इतक्या जोरात धरला की तिच्या दोन बांगड्या फुटल्या. पुढच्या वेळी तिला बांगड्या भरायच्या आहेत, अर्ध्या तुझ्या.

तू तिथं होतास, तरी हे लिहिते. कारण तू मान खाली घालून उभा होतास आणि बरंच तुला दिसलं नसणार.

लिंबाच्या पाराशी तू माझ्याजवळ आलास आणि एकच गोष्ट बोललास. "अक्का, ती गाठ मीच आईला शिकवली होती. तिची गाठ ओढली की आवळायची. मी तिला बैलाची शिकवली, न आवळणारी. मी बारा वर्षांचा होतो." तेवढं बोलून तू रुमाल शोधायला लागलास. म्हणजे तुला सगळं माहीत होतं, आणि सणाला तू दोनच तास का थांबायचास तेही मला आता समजलं. मी तेव्हा तुला माझा रुमाल दिला. आता बोलते. न आवळणारी गाठ शोधणारं बारा वर्षांचं लेकरू वाईट नसतं रे. आपण तिघंही त्या खाटेला बांधलेले होतो, तो एकटा नव्हता.

मग आत गेलो. तू सही केलीस. 'राहणाऱ्याचा होकार' या रकान्याशी तुझं पेन थांबलं. सरांना थांबायची सवयच आहे. तू लिहिलंस, "इथे तो पाय पुढे करत नाही." सरांनी दोनदा वाचलं आणि अर्ज कपाटात ठेवला. ती ओळ मी आता रोज एकदा आठवते.

पण मला सांगायचंय ते जेवणाचं. तू सुदर्शनशेजारी बसलास, आणि हौसेनं त्याला भरवायला गेलास. त्यानं तुझा हात बाजूला केला, वाटी उलटली आणि वरण सगळं तुझ्या कडक इस्त्रीच्या शर्टावर. तू ओशाळून उठलास. तेवढ्यात तोही उठला, आत गेला. आम्हाला वाटलं, घाबरून गेला. शिवकांता मागं निघाली आणि दारातच थबकली. कारण तो परत येत होता. एका हातात निळा शर्ट, एका हातात चौकड्याचा. तुझ्यासमोर येऊन दोन्ही हात पुढं करून उभा राहिला.

तू खांबासारखा. तुला कळेचना. तू माझ्याकडं बघतोस, सरांकडं बघतोस. शेवटी शिवकांता म्हणाली, "साहेब, ते पुसून राहिलेत तुमाला. तुमी बघाल तो देतेत. सावकाश बघा, ते थांबतेत."

आणि तो थांबला, भागवत. ज्याच्यासाठी आपल्या घरात कधी कुणी थांबलं नव्हतं तो तुझ्यासाठी थांबला. हात दुखले असतील, खाली केले नाहीत. तू ज्या क्षणी चौकड्याच्या शर्टाकडं बघितलंस, त्या क्षणी त्यानं तो पुढं केला आणि हसला. तू तोंड फिरवलं होतंस म्हणून तुला ते हसू दिसलं नाही. आईसारखं हसतो, एका गालानं. मी हे पत्र तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं.

तुला तो शर्ट दोन माणसं मावतील एवढा होत होता. तसाच घालून तू गाडी चालवत नांदेडला गेलास. तुझ्या शिवांगीनं मला फोन केला, "आत्या, बाबा कुणाचा शर्ट घालून आलेत, काढायला तयार नाहीत." तिच्यामुळं कळलं की माझा नंबर तू सुरू केला आहेस. तरी मी पत्रच लिहिणार. फोनवर तू मध्येच बोलतोस.

बाकी ठीक आहे. माझे गुडघे दुखतात. चिवडा अजून डब्यात आहे, थोडा मऊ पडलाय. काल लातूरला गेले होते. सुदर्शन मजेत आहे, पाराची पायरी आता त्याच्याच मालकीची झाली आहे. फक्त सकाळी कपाट उघडून निळा शर्ट काढतो आणि दुसरा हात रिकामा ठेवून उभा राहतो. शिवकांतानं पांढरा देऊन बघितला, घेत नाही.

तेव्हा तो शर्ट धुऊन ठेव. पोस्टानं पाठवू नकोस.

तुझी अक्का